बॅलिनटबर ते क्रो पॅट्रिक, शेताबांधांवरून

आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो काउंटीत, ‘टोखर फॉड्रिग’ ही यात्रेची जुनी पायवाट आहे. बॅलिनटबरच्या मठापासून क्रो पॅट्रिक डोंगराच्या माथ्यापर्यंत, साधारण ३५ किलोमीटर. आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म रुजवणारे संत पॅट्रिक यायच्या आधी इथून कॉनाख्टच्या, म्हणजे या पश्चिम प्रांताच्या, राजांचे रथ जायचे, असं सांगतात.

मठात मेणबत्ती लावून निघायचं. हा मठ १२१६ सालचा. १६५३ मध्ये इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या सैनिकांनी त्याचं छप्पर घालवलं, तरी लोक भर पावसात उघड्यावर मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येत राहिले. नवं छप्पर चढायला १९६६ उजाडलं. निघताना एक नियम सांगतात: वाटेत कुरकुर करायची नाही. काही झालं तरी ‘थँक्स बी टू गॉड’ म्हणायचं. पहिल्याच दलदलीत माझा बूट घोट्यापर्यंत रुतला आणि बाहेर आला तो पाणी ओकतच. मागच्या आजीबाईंनी माझ्या वतीनं देवाचे आभार मानून टाकले.

रस्ता असा नाहीच. लोकांची शेतं, गायरानं, दगडी बांध, आणि बांध ओलांडायला लाकडी पायऱ्या. शेतकऱ्यांनी वाट दिली म्हणून ही यात्रा चालते. कुंपणाच्या तारेत वीज असते, हेही एकदा हात लागल्यावर कळलं. (थँक्स बी टू गॉड.)

आजीबाई याच पॅरिशमधल्या. पॅरिश म्हणजे चर्चच्या हद्दीतली सगळी वस्ती, आणि तिच्या पोटात टाउनलँड, म्हणजे आपली शिवारं. देशभरात ती साठ हजारांवर आहेत. १८३० च्या दशकात सरकारी मोजणीदारांनी नकाशे काढताना ही नावं इंग्रजी वळणानं लिहून घेतली. बॅलिनटबर मुळात ‘बाल्या अन टोबर’, विहिरीचं गाव. इंग्रजी नावावरून काही कळत नाही, पण मठाजवळ पॅट्रिकची विहीर आहेच. आजीबाई दर बांधाला थांबून पुढच्या शिवाराचं नाव सांगायच्या, तेही कोणाच्या म्हशी कोणाच्या रानात शिरल्या अशा थाटात. फक्त इथे म्हशींऐवजी मेंढ्या.

लोक फोटो काढतात ते डोंगराचे. मला विचाराल तर या वाटेचा जीव मधल्या ऑहागॉवर गावात आहे. गोल उंच मनोरा, शेजारी पडकं चर्च, भोवती थडगी, जुन्यांना खेटून नवी. पुढे बोहेचा खडक लागतो. त्याच्यावर पॅट्रिकच्या कितीतरी आधीच्या माणसांनी वाट्या आणि वर्तुळं कोरली आहेत. १८ एप्रिल आणि २४ ऑगस्टला इथून पाहिलं तर मावळता सूर्य डोंगराच्या उतारावरून गडगडत खाली जाताना दिसतो. डोंगर पवित्र ठरवायला पॅट्रिकची वाट कोणी पाहिली नव्हती, एवढं नक्की.

डोंगर ७६४ मीटर. शेवटचा सुळका म्हणजे सुट्या दगडांची घसरण. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक चढतात, काही अनवाणीसुद्धा. माथ्यावर १९०५ चं पांढरं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, आहे. आम्हाला ते दारात पोहोचेपर्यंत ढगात दिसलंच नाही.

आडोशाला बसून आजीबाईंना वारीबद्दल सांगितलं. आळंदीहून पंढरपूर, अडीचशे किलोमीटर, लाखो माणसं.

“आणि डोंगर?”

“एक घाट आहे, दिवे घाट. तो सुरुवातीलाच, पुणं सोडलं की.”

त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. “शहाणी माणसं तुमच्याकडची,” म्हणाल्या.