तारामासा, उलटा आणि सुलटा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहायचं म्हटल्यावर बाकीचे स्नेहसंमेलनाबद्दल लिहितील. मी जीवशास्त्राच्या बाईंच्या तारामाशाबद्दल लिहिते.

पुस्तकात तो दोन ओळींत संपायचा. संघ कंटकचर्मी, सममिती अरीय, चला पुढे. बाईंना हे पटत नसे. फॉर्मॅलिनमध्ये रंग उडालेला प्रयोगशाळेतला तारामासा त्या ट्रेमध्ये काढायच्या. "नाव राहू दे, काय दिसतंय ते सांगा." आम्ही एकसुरात, "पाच हात!" "बरं. आणखी?"

इथे वर्ग गप्प. मग बाई एकेक दाखवायच्या. मधल्या चकतीतूनच हात रुंद होत निघालेत, तर तारामासा. चकती वेगळी आणि हात बारीक, वळवळे, तर ब्रिटल स्टार, तारामाशासारखाच दिसणारा. पण त्याचा प्राणिवर्गच निराळा. आता उलटा करा. मधोमध तोंड, तिथून प्रत्येक हाताच्या टोकापर्यंत उघडी खाच, खाचेत नळीपायांच्या रांगा. ब्रिटल स्टारला अशी उघडी खाच नसते. पुन्हा सुलटा. चकतीवर जरा बाजूला एक खरबरीत ठिपका, मॅड्रेपोराइट. नळीपाय ज्या जलसंवहनी संस्थेवर, म्हणजे अंगातल्या पाण्याच्या नळ्यांच्या जाळ्यावर चालतात, तिचं हे दार.

खरी मजा जुहूला आली. बाई सहल कॅलेंडरातली तिथी बघून ठरवायच्या. मुंबईत पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास येते आणि पाणी चांगलंच आत जातं. ओल्या वाळूत अ‍ॅस्ट्रोपेक्टन हा वाळूतला तारामासा मिळाला. हातांच्या कडेने तबकड्यांची रांग, जरीच्या काठासारखी, आणि तिला बाहेरून काटे. भिंगातून पाठ पाहिली तर इवले इवले खांब, प्रत्येकाच्या माथ्यावर काट्यांचा झुबका. नळीपाय टोकदार, चोषक नसलेले. खडकाला चिकटण्यापेक्षा वाळू उकरायला सोयीचे. वाळूवर परत ठेवला तर गडी जागच्या जागी खाली गेला!

हात मोजण्यावर बाईंचा फारसा भरवसा नव्हता, आणि बरोबरच होतं. आपल्याच समुद्रातल्या ल्युइडिया मॅक्युलाटा या तारामाशाला सात-आठ हात असतात. शिवाय तुटलेला हात पुन्हा फुटत असला की मोजणीत घोळ होतो तो वेगळाच.

हल्ली भाचरं मला चौपाटीवरून फोटो पाठवतात, "मावशी, हा कोणता?" सगळे फोटो वरून काढलेले. मी लिहिते, अलगद उलटा करून एक काढ आणि लगेच पाण्यात सोड. सोडतात लगेच, दुसरा फोटो मात्र क्वचितच येतो.