फुगलेली बॅटरी आणि वाळूचा डबा

बॅटरी फुगून ज्याची काच वर आली होती, असा एक जुना फोन घेऊन इथे जर्मनीत पालिकेच्या ई-कचरा संकलन केंद्रावर गेले होते. बाकी सामान जाळीच्या पिंजऱ्यात टाकू दिलं, पण फोन दिसताच तिथल्या काकांनी हात पुढे करून थांबवलं. हातमोजे चढवले, वाळू भरलेला डबा उघडला आणि फोन अलगद आत ठेवला. मग माझ्याजवळच्या सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना स्वतः चिकटपट्ट्या लावत बसले. टोकं धातूला टेकून शॉर्ट झालं, की लिथियमची बॅटरी आतल्या आत तापत जाऊन पेट घेऊ शकते, आणि ती विझवणं भलतंच अवघड. त्या माणसाला स्वतःच्या हातांची काळजी घ्यायची मुभा होती, तेवढा वेळ होता, साधनं होती. माझ्या मनात तेच घर करून राहिलंय.

जर्मनीत जुनी उपकरणं द्यायला फार धावपळही लागत नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा विक्री विभाग 400 चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल, तर 25 सेंटीमीटरपर्यंतची जुनी उपकरणं दुकानाला काही खरेदी न करताही फुकट परत घ्यावी लागतात. जुलै 2022 पासून मोठी सुपरमार्केटंही यात आली. फोनमधला डेटा पुसायचं काम मात्र आपलं.

तरी 'तुमच्याकडे भारतात सगळा ई-कचरा जाळतात ना?' असं इथे कुणी विचारलं की मी चिडते. आपल्याकडे मिक्सरची मोटर रिवाइंड करून वर्षानुवर्षं चालवतात. इथे एवढ्या तेवढ्या बिघाडासाठी टोस्टर फेकतात, कारण दुरुस्ती नव्यापेक्षा महाग. युरोपीय संघाचं ई-कचऱ्याच्या 65 टक्के संकलनाचं उद्दिष्ट 2021 मध्ये जर्मनीलाही गाठता आलं नव्हतं.

पण दिल्लीच्या सीलमपूरमध्ये उघड्या हातांनी सर्किट बोर्ड फोडणारी माणसं आठवली, की माझा हा आवेश टिकत नाही. उत्पादकांवर जबाबदारी टाकणारे नवे नियम आपल्याकडे 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. ते त्या हातांपर्यंत पोचायला हवेत.

दादाला फोन करून सांगितलंय: कपाटातले जुने फोन रद्दीबरोबर देऊ नकोस, अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रातच दे. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लाव. आणि आईचा तो फुगलेला फोन दाबून बसवायचा नाही, चार्जिंगला तर मुळीच लावायचा नाही.