दोन रुपयांचा शेअर आणि पाटीतला माल

1 जून ते 31 जुलै गोव्यात यंत्रबोटींची मासेमारी बंद असते. त्या 61 दिवसांत म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात जी थोडीफार मासळी येते, तिचा दर सकाळी एक तर दुपारी दुसरा. पण तो दर कोणी वर्षभराचा धरत नाही, कारण पाटीत माल किती होता हे गिऱ्हाइकाने डोळ्यांनी पाहिलेले असते. पाच-दहा रुपयांच्या शेअरचा भाव पाहताना मात्र पाटीकडे नजर जातच नाही. शेअरबाजारातली ही पाटी म्हणजे व्हॉल्यूम, दिवसभरात किती शेअर हातोहात गेले तो आकडा.

आधी संख्या बाजूला ठेवा आणि रुपये मोजा. 2 रुपयांच्या शेअरमध्ये दिवसाला 5 लाख शेअर फिरले हे ऐकायला भारदस्त वाटते, पण उलाढाल होते 10 लाखांची. तिथे दोन लाखांची एकच ऑर्डर भाव हलवायला पुरते. रोजची उलाढाल बघताना 20 दिवसांची सरासरी घेऊ नका, मध्यक घ्या: वीस आकडे चढत्या क्रमाने लावा आणि मधल्या दोघांची सरासरी काढा. समजा 19 दिवस 10-10 लाखांची उलाढाल झाली आणि एक दिवस 4 कोटींची. सरासरी साडेएकोणतीस लाख येते, मध्यक 10 लाखच. एरवीचा बाजार मध्यकाएवढाच असतो. एनएसई आणि बीएसई या दोन्ही शेअरबाजारांतले (एक्स्चेंजमधले) आकडे एकत्र करा. रुपयांत मोजल्याचा आणखी एक फायदा असा, की शेअरचे विभाजन झाल्यावर संख्या दहापट दिसली तरी तुमची गफलत होत नाही.

‘आज खरेदीदार जास्त होते’ असे सर्रास म्हटले जाते, पण प्रत्येक घेतलेल्या शेअरमागे कोणीतरी विकणारा असतोच. भाव हलतो तो घाई कोणाला आहे त्यावर.

आता सर्किट. स्वस्त शेअरमध्ये खरी गोम इथे आहे. बहुतेक शेअरच्या भावाला दिवसाला 2, 5, 10 किंवा 20 टक्क्यांची मर्यादा असते: वरची ती अप्पर सर्किट, खालची ती लोअर सर्किट. 5 टक्क्यांची दहा अप्पर सर्किट लागोपाठ लागली की 10 रुपयांचा शेअर सव्वासोळाच्या घरात जातो, आणि या सगळ्या दिवसांत व्हॉल्यूम नगण्य असू शकतो, कारण विकणाराच नसतो. बंदीतल्या बांगड्यासारखे: माल नाही म्हणून भाव. मग एके सकाळी सर्किट उघडते, उलाढाल मध्यकाच्या पंधरा-वीस पट होते, आणि एवढे होऊनही शेअर दिवसाच्या तळाजवळ बंद होतो. ज्यांच्याकडे साठा होता त्यांनी तो उतरवला, हा त्या दिवसाचा सर्वात संभाव्य अर्थ. नेमक्या याच दिवशी ‘व्हॉल्यूम ब्रेकआउट’ (व्हॉल्यूम वाढला, आता भाव वर सुटणार) असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, म्हणून हा दिवस सर्वात जपून राहण्याचा. पुढे दहा लोअर सर्किट लागली तर सव्वासोळाचे पावणेदहा होतात, म्हणजे मूळ भावाच्याही खाली. तेव्हा व्हॉल्यूम पुन्हा आटलेला असतो, कारण आता घेणारा नसतो. त्याच भावाला ज्याची ऑर्डर आधी लागली त्याचा माल आधी जातो. बाकीचे रांगेत अडकतात.

बाजार बंद झाल्यावर एक्स्चेंज डिलिव्हरीची टक्केवारी देते, म्हणजे फिरलेल्या शेअरपैकी किती प्रत्यक्ष घेणाऱ्याच्या खात्यात गेले; ती जरूर बघा. उलाढाल पाचपट आणि डिलिव्हरी 15 टक्के असेल, तर बहुतेक माल त्याच दिवशी घेऊन विकलेला. पण शेअर बीएसईच्या टी गटात किंवा एनएसईच्या बीई मालिकेत असेल, तर प्रत्येक व्यवहार सक्तीने डिलिव्हरीचाच असतो आणि आकडा 100 टक्केच दिसतो. त्याला ‘जोरदार खरेदी’ समजू नका. एएसएम आणि जीएसएम या देखरेखीच्या याद्याही एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर असतात, त्या आधी तपासा.

अगदी खालच्या भावात आलेखही फसवतो. एनएसईवर 10 जून 2024 पासून 250 रुपयांखालच्या शेअरचा भाव एक-एक पैशाने हलतो. 40 पैशांच्या शेअरमध्ये हा एक पैसा म्हणजे अडीच टक्के. 40 ला घेणारे आणि 41 ला विकणारे समोरासमोर बसलेले असतात, उलाढाल त्या दोन भावांतच होते आणि आलेखावर मात्र उड्या दिसतात.

शिवाय व्हॉल्यूम बनवताही येतो. आपापसांतली खाती तोच माल एकमेकांना विकत राहतात, याला सर्क्युलर ट्रेडिंग म्हणतात. बाहेरचे गिऱ्हाईकही ओढून आणता येते: साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरच्या प्रकरणात बाजाराची नियामक असलेल्या सेबीने मार्च 2023 मध्ये जो अंतरिम आदेश दिला, त्यात यूट्यूबवरच्या दिशाभूल करणाऱ्या व्हिडिओंचा मुद्दा होता. कंपनीच्या 0.5 टक्क्यांहून जास्त शेअरचा व्यवहार एकाच खात्यातून झाला तर तो बल्क डील म्हणून जाहीर होतो. ती यादी रोज संध्याकाळी वाचावी. तीच ती नावे आज घेणाऱ्यांत आणि उद्या विकणाऱ्यांत दिसत असतील तर त्या शेअरपासून दूर राहा.

तरीही घ्यायचाच असेल, तर लिमिट ऑर्डरच (आपण ठरवलेल्या भावाचीच ऑर्डर) टाका आणि दिवसाची खरेदी मध्यकाच्या 2 टक्क्यांत ठेवा. 10 लाखांच्या उलाढालीत हे झाले 20,000 रुपये. दोन लाख अडकवलेत तर याच वेगाने बाहेर पडायला दहा दिवस लागतील, विकल्याच्या प्रत्येक दिवशी डीपी शुल्क (डीमॅट खात्यातून शेअर बाहेर जाताना लागणारे) वेगळे, आणि हे सगळे मध्ये लोअर सर्किट लागले नाही तर.