आमची वाटचाल : कोथरूडच्या जुन्या जागा

आमचा धंदा सुरू झाला तो भाड्याच्या खोल्यांवर. सासरे कर्वे पुतळ्याजवळच्या छोट्या गाळ्यातून विद्यार्थ्यांना खोल्या मिळवून द्यायचे. एक महिन्याचं भाडं ही दलाली, आणि हिशेब खिशातल्या वहीत. त्याच वहीतल्या घरमालकांनी पुढे आम्हाला विक्रीच्या कामात ओढलं. "मुलगा काही परत येत नाही आता. या जागेचं तुम्हीच बघा."

तेव्हापासून विक्रीत आम्ही फक्त रीसेल, म्हणजे जुन्या जागांची फेरविक्री करतो. मयूर कॉलनी, आयडियल कॉलनी, डहाणूकर, फार तर वनाजपर्यंत. नव्या प्रकल्पांच्या वाटेला गेलो नाही, कारण तिथे दलाल म्हणजे बिल्डरचा विक्रेताच. २०१७ मध्ये रेरा, म्हणजे घरबांधणी व्यवसायाच्या नियमनाचा कायदा, पूर्णपणे लागू झाला, पण त्याचा भर नव्या बांधकामांवर. ऐंशीच्या दशकातल्या, लिफ्ट नसलेल्या तीन मजली इमारतीतला फ्लॅट घेताना कागद आपले आपणच तपासायचे असतात. आमचं खरं काम तेच.

२०२० साली राज्य सरकारने डिसेंबरअखेरपर्यंत मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सूट दिली, तेव्हा धंद्याने वेग घेतला. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर ही गर्दी! शुल्क भरून सह्या झाल्या की नोंदणीला चार महिने मिळतात, हे लोकांना समजावण्यातच आमचा डिसेंबर गेला. पुढे ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली आणि स्टेशनपासून चालत जाता येईल अशा जागेसाठी रविवारी जिन्यातच तीन-तीन कुटुंबं भेटू लागली.

अशा वेळी जास्त भाव देणाऱ्यालाच घर मिळतं, असं सगळ्यांना वाटतं. आमचा अनुभव निराळा आहे. विकणाऱ्या आजी-आजोबांना दोन लाख जास्त मिळण्यापेक्षा व्यवहार लटकू नये याची काळजी मोठी असते. म्हणून कर्ज किती मिळेल हे बँकेकडून लेखी आणल्याशिवाय आम्ही जागा दाखवत नाही. काही जण रागावतात. रागावू देत. बँकेच्या कर्जात सहसा न बसणारा खर्चही आधीच कागदावर मांडतो. सत्तर लाखांच्या फ्लॅटला पुण्यात सात टक्क्यांनी ४ लाख ९० हजार मुद्रांक शुल्क, वर नोंदणीचे ३० हजार. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर शुल्कात एक टक्का सवलत आहे, त्यामुळे हल्ली निम्मी घरं वहिनींच्या नावावर होतात. (वहिनींना ते आवडतंच.)

सगळ्यात जास्त वेळ खातात ते वारस. आईवडील गेलेले, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी म्हणून थोरल्याचं नाव, आणि तो म्हणतो जागा माझीच. तसं नसतं. नॉमिनी सोसायटीच्या सोयीसाठी, मालकी वारसांची. बहिणीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल, किंवा तिची खरेदीखतावर सही नसेल, तर आम्ही घेणाऱ्याला विसाराची रक्कमसुद्धा देऊ देत नाही. बहीण न्यू जर्सीत असेल तर तिथून रीतसर साक्षांकित मुखत्यारपत्र यावं लागतं, आणि ते इथे पोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मालकच अनिवासी असेल तर ५० लाख आणि वरच्या व्यवहारातली नेहमीची १ टक्का टीडीएस कपात (घेणाऱ्याने किमतीतून कापून सरकारकडे भरायचा कर) पुरत नाही, दर बराच वाढतो. हे ताबा घ्यायच्या आठवड्यात कळलं की घेणाराही चिडतो, विकणाराही.

आता नवं प्रकरण म्हणजे पुनर्विकास. "बिल्डर येणार आहे" एवढ्या कुजबुजीवर मालक भाव वाढवतात, नाहीतर जागा बाजारातून काढून घेतात. आम्ही सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव मागतो. बहुतेक वेळा ठराव नसतो, नुसता चहा झालेला असतो.

भाड्याच्या खोल्यांचं काम अजून करतो. जूनमध्ये ते सगळं माझा धाकटा दीर बघतो.