नदीवरचा फेस आमच्याच वॉशिंग मशीनचा

पुण्यातली रामनदी आमच्या सोसायटीच्या मागूनच जाते. रविवारी तिच्यावर फेस जरा जास्तच असायचा, आणि आम्ही गॅलरीत नाक दाबून वरच्या अंगाला राहणाऱ्यांना नावं ठेवायचो.

एप्रिलमध्ये काठावर कचरा वेचायला गेले. एक कॉलेजची मुलगी पाण्यातला ऑक्सिजन तपासत होती. बाटलीत दोन रसायनं टाकली की साका धरतो. ऑक्सिजन असेल तर तपकिरी, नसेल तर पांढरा. आमचा निघाला दह्यासारखा पांढरा! शेजारीच पावसाळी पाइपातून पाण्याची धार लागली होती. भर उन्हाळ्यात? वाकून वास घेतला तर लॅव्हेंडर. माझ्या घरी कपड्यांना त्याच वासाचा साबण वापरतात.

घरी येऊन जिलेबीचा रंग बादलीत कालवला, मशीनचं पाणी जातं त्या ड्राय बाल्कनीच्या जाळीत ओतला आणि मुलाला काठावर उभं केलं. चार मिनिटांत त्याचा फोन: "आई, केशरी आलं!"

प्लंबरला बोलावलं. तो म्हणाला, "ताई, ही जाळी पावसाच्या पाण्याची. ड्रेनेजला जातच नाही, डायरेक्ट नदीत. मशीन इथं तुम्हीच लावलंय ना?" आम्हीच.

मुळा-मुठेसाठी जायका या जपानी संस्थेच्या कर्जातून 11 शुद्धीकरण केंद्रांची योजना आहे, रोज 396 दशलक्ष लिटर क्षमतेची. पण माझ्या साबणाच्या पाण्याने तिकडची वाटच धरली नव्हती. ते रामनदीतून बाणेरला मुळेत, पुढे संगमावरून भीमेत आणि शेवटी उजनीत. सोलापूरच्या मावशीच्या नळाला उजनीचंच पाणी येतं, हे आठवून मला कसंतरीच झालं.

मशीनचं पाणी ड्रेनेजला जोडूया, असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडलं आणि अपेक्षित तेच झालं. "एका मशीनने काय होतंय?" मशीन एक नव्हतं, घरोघरी जाऊन मोजली तेव्हा 48 पैकी 31 फ्लॅटची बाल्कनीत निघाली. तरी होकार मिळायला तीन मीटिंगा लागल्या. शेवटी तळमजल्यावरचे काका, जे एरवी लिफ्टच्या खर्चालाही विरोध करतात, म्हणाले, "वास मलाच सगळ्यात जास्त येतो, करून टाका."

मशीनसाठी वेगळा पाइप बाहेरच्या भिंतीवरून उतरवून ड्रेनेजच्या चेंबरला जोडला. जुनी जाळी तशीच ठेवली, पाऊस बाल्कनीतही येतोच. प्लंबरने वास अडवणारा ट्रॅप मात्र बसवला नाही आणि आठवडाभर सगळ्या बाल्कन्यांत गटाराचा वास. काकांनी मला जिन्यात गाठून जे ऐकवलं ते लिहीत नाही. ट्रॅप बसवल्यावर वास गेला.

पुन्हा केशरी रंग ओतला, या वेळी मशीनच्या नव्या पाइपात. तो चेंबरमध्ये दिसला, नदीत नाही. काठावरचा पाइप कोरडा पडलाय, फक्त बुधवारी सकाळी थोडा फेस येतो. बी विंगमध्ये नवे भाडेकरू आलेत. जिलेबीच्या रंगाची डबी अजून अर्धी आहे.