मजल्यामजल्यांचं झाड: ओळख कुठवर आली

पुण्यात बाणेर-हिंजवडीकडच्या नव्या सोसायट्या आणि कंपन्यांच्या आवारांत गेल्या काही वर्षांत एक झाड फार दिसायला लागलंय. खोड सरळ, ठरावीक अंतरावर आडव्या फांद्यांचे मजले, दोन मजल्यांमधून आरपार आकाश आणि पान अगदी लहान. माळीबुवांना विचारलं तर ते ‘शोचं झाड’ म्हणतात. त्याचं नाव लावायचं काम आता पूर्ण झालंय. कोणत्या खुणेने काय ठरलं ते क्रमाने लिहितो.

पानगळीच्या दिवसांत

सुरुवात केली तेव्हा फुलं नव्हती, फळं नव्हती आणि पाणी न मिळणारी रस्त्याकडेची झाडं जवळजवळ निष्पर्ण होती. म्हणून आधी काय नाही ते ठरवत गेलो. मजल्यांची रचना आपल्याकडे काटेसावरीला असते, सप्तपर्णीलाही असते. सावरीचं पान संयुक्त, कोवळ्या खोडावर काटे, त्यामुळे ती लगेच बाद. सप्तपर्णीची पानं एकाच पेरावर वर्तुळात येतात आणि देठ मोडला की पांढरा चीक येतो. इथे देठ मोडला, कोवळं टोक खुडलं, चीक नाही. उरलेली पानं साधी, एकाआड एक, पण फांदीच्या टोकाशी दाटीने आलेली. चिकू आणि मोहाचीही पानं अशीच टोकाला जमतात, पण त्या कुळात चीक असतोच. तेही गेलं.

मोबाईलवरच्या ॲपने दर फोटोला निराळं नाव दिलं. पानाच्या जवळून काढलेल्या फोटोत फांदी येत नाही, आणि या झाडाची ओळख फांदीतच आहे.

फांदी

या कामातला सगळ्यात आनंदाचा भाग हा. फांदी आडवी वाढते, थोडी पुढे गेली की तिचं टोक वर वळतं, तिथे पानांचा गुच्छ बसतो आणि त्या टोकाचं लांब होणं जवळपास थांबतं. मग वळणाच्या खालच्या अंगाने, बगलेतल्या डोळ्यातून नवी फांदी निघते. तीही आडवी जाते, तीही वर वळते. कधी एक फुटते, कधी दोन. एकेक तुकडा जोडत फांदी बाहेर सरकते आणि प्रत्येक सांध्यावर एक आखूड, जाडसर अंकुर पानांचा गुच्छ घेऊन उभा राहतो. खोड मात्र एकाच शेंड्याने आणि टप्प्याटप्प्याने वाढतं. फांद्यांचं एक वर्तुळ, मग नुसतं खोड, मग पुन्हा वर्तुळ. मजले तयार होतात ते यामुळे.

हे वाचून देशी बदाम आठवला असेल तर बरोबर आहे. बदामाखाली उभं राहून वर पाहिलं की हीच रचना मोठ्या मापात दिसते. हाले आणि ओल्डमन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७० साली उष्ण कटिबंधातल्या झाडांच्या बांध्यांचं वर्गीकरण मांडलं, त्यात या बांध्याला ओब्रेव्हिलचा नमुना म्हटलंय. होंडा आणि फिशर या संशोधकांचं १९७८चं काम तर या छंदातल्या प्रत्येकाने वाचावं. त्यांनी देशी बदामाच्या फांद्या कोणत्या कोनात फुटतात ते पाहिलं आणि पानांना जास्तीत जास्त उघडी जागा कोणत्या कोनांत मिळेल ते संगणकावर काढलं. दोन्ही कोन एकमेकांच्या अगदी जवळ आले.

तेव्हा प्रजाती (म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट) ठरली: टर्मिनेलिया. म्हणजे अर्जुन, ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा यांचे हे भाऊबंद. २०१७च्या पुनर्रचनेनंतर आपला धावडाही यांच्यातच आलाय, टर्मिनेलिया ॲनोजिसियाना या नावाने. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, जुन्या शीटवर धावडा शोधताना हे ध्यानात ठेवावं.

पालवीनंतर

नवी पालवी झळझळीत हिरवी. एका गुच्छात चारपासून नऊपर्यंत पानं, सगळी लहानमोठी. लांबी सात सेंटीमीटरच्या आत, टोक रुंद आणि गोल, देठाकडे एकदम निमुळतं, कडा किंचित लहरी. साल फिकट राखाडी, गुळगुळीत, अधूनमधून डाग. धावडा आणि त्याचे जवळचे नातेवाईक सोडले तर आपल्या देशी टर्मिनेलियांपैकी एकाचंही पान इतकं लहान नाही, आणि धावड्याला असे मजले नसतात, तेव्हा झाड बाहेरचं.

इथे दोन उमेदवार उरले. एक मादागास्करचा टर्मिनेलिया मँटली. दुसरा कॅरिबियन आणि मध्य अमेरिकेकडचा टर्मिनेलिया ब्युसेरास, नर्सरीत अजून बुसिडा याच जुन्या नावाने विकला जाणारा. लांबून दोघांत फरक करणं कठीण. बुसिडाच्या बारीक फांद्यांवर बरेचदा काटे असतात. त्याचा जवळचा नातेवाईक टर्मिनेलिया मोलिनेटी तर नागमोडी, काटेरी फांद्यांचा आणि फारच बारीक पानांचा. आमच्या झाडांवर काटा नव्हता. पण काटा नाही एवढ्यावर निकाल द्यायला मन धजेना, कारण बुसिडाही बिनकाट्याचा असू शकतो.

फुलं, फळं आणि निकाल

फुलं हिरवट, बारीक, पाचेक सेंटीमीटरच्या उभ्या कणिशांत. पाकळ्या नाहीत, जे दिसतं ते निदलपुंज (फुलाचं पाकळ्यांबाहेरचं आवरण) आणि पुंकेसर. पाकळ्या दोन्ही उमेदवारांना नसतात, म्हणून फुलाने कुळ पक्कं झालं, जात नाही.

जात फळाने ठरली. बुसिडाच्या फळाच्या टोकावर निदलपुंज तसाच टिकून राहतो, लहानसा मुकुटच. हिरडा-बदामाच्या बाजूच्या टर्मिनेलियांमध्ये तो फळ धरताना गळून पडतो. झाडाखाली मिळालेली फळं लंबगोल, दीड सेंटीमीटरच्या आसपास, अर्जुनासारखे पंख नाहीत आणि भिंगाखाली टोक साफ मोकळं. तर हा टर्मिनेलिया मँटली. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंरी पेरिए द ला बाती यांनी नाव दिलेली ही जात आफ्रिकेतल्या अनेक शहरांतही रस्त्याकडेला लावतात.

झाड देखणं आहे, यात वाद नाही. तरीही ज्या आवारात जागा मोठी आहे तिथे एका रांगेत मँटली आणि दुसऱ्या रांगेत किंजळ लावावा असं मला मनापासून वाटतं. किंजळीची गुलाबी-तांबूस पंखांची फळं झुबक्यांनी लगडतात तेव्हा ती रांग कुठल्याही विदेशी झाडापेक्षा कमी दिसणार नाही.

पुढचं काम शेजारच्या आवारातल्या पांढऱ्या कडांच्या पानांच्या झाडांचं. त्यांना नर्सरीवाले ट्रायकलर म्हणतात आणि बांधा पाहता ती मँटलीतूनच निवडून वाढवलेला प्रकार वाटतात. फळं मिळेपर्यंत नोंदवहीत त्यांच्यापुढे फक्त ‘टर्मिनेलिया’ लिहिलंय. कोणाच्या जवळपास फळं धरलेला बुसिडा असेल तर फळाच्या टोकाचा, मागे पट्टी ठेवून काढलेला एक स्पष्ट फोटो मला हवा आहे.