जात्यावरचे वायकिंग

लेकीच्या दप्तरातून घरी येणाऱ्या सूचनांची मला आता सवय झाली आहे. उद्या जंगलात जाणार आहोत, रबरी बूट पाठवा; डब्यात शेंगदाणे नकोत, वर्गातल्या एका मुलाला ते चालत नाहीत; पाऊस असला तरी मधल्या सुट्टीत मुले बाहेरच असतील, त्याबद्दल फोन करू नये. मे महिन्यातल्या एका सोमवारी मात्र असा कागद निघाला की तो वाचून मी हातातली पोळी तव्यावर तशीच विसरले. तिसरीच्या वर्गाचा वायकिंग-पंधरवडा, म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या इथल्या दर्यावर्दी लोकांबद्दलचे दोन आठवडे, सुरू होणार होता आणि ज्यांचे मूळ डेन्मार्कबाहेरचे आहे अशा मुलांना त्यासाठी वेगळा गृहपाठ होता: इ. स. १००० मध्ये तुमच्या घरी काय चालले होते? खाली चार प्रश्न होते. सकाळी काय खात? अंगावर काय असे? झोपत कशावर? आंघोळ कधी? आणि सर्वांत शेवटी, अधोरेखित करून, एक अट: राजे नकोत.

शिवजयंतीच्या मिरवणुकीपुढे लेझीम खेळत वाढलेल्या माणसाला ‘राजे नकोत’ हे दोन शब्द वाचून काय वाटते, हे मी इथे कोणाला समजावू शकले नाही. तुम्हाला समजावण्याची गरज नाही.

अट न जुमानता मी पहिल्या रात्री राजेच लिहिले. माझे माहेर अलिबाग तालुक्यातले, आणि तिथल्या अक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जातो; गृहपाठातल्या सालापासून अवघी बारा वर्षे दूर. मराठीतला सर्वांत जुना लेख म्हणून ज्याचे नाव घेतात तो हाच, आणि त्यात कोकणचा राजा केसीदेव याला ‘पश्चिमसमुद्राधिपती’ म्हटले आहे. वायकिंगांच्या गावात याहून चोख उत्तर कोणते असणार? जोडीला मी १०६० चे अंबरनाथचे शिवमंदिरही घातले. शिक्षिकेने दुसऱ्या दिवशी कागद परत पाठवला. तळाशी हसरा चेहरा होता आणि एक ओळ होती: फार सुंदर, पण समुद्राचा हा अधिपती, किंवा त्याहून बरे म्हणजे त्याच्या दारावरचा पहारेकरी, सकाळी काय खायचा?

मला राग आला, आणि तो राग शिक्षिकेवर नव्हता हे कळायला दोन दिवस लागले.

आम्ही राहतो ते डेन्मार्कमधले रोस्किल्डे. (इथले लोक या नावातला ‘ड’ गिळून टाकतात, मी अजून तो चावत बसते.) इथल्या खाडीत १०७० च्या सुमारास, शत्रूचे आरमार शहरापर्यंत पोहोचू नये म्हणून, जुनी जहाजे दगडांनी भरून मुद्दाम बुडवली गेली. १९६२ मध्ये त्यांच्याभोवती पत्र्यांची भिंत ठोकून, आतले पाणी उपसून, पाच जहाजांचे हजारो तुकडे चिखलातून उचलले गेले आणि आता ती जहाजे खाडीकाठच्या संग्रहालयात उभी आहेत. त्यांतले सुमारे तीस मीटर लांबीचे लढाऊ जहाज १०४२ मध्ये डब्लिनच्या परिसरात बांधले गेले, हे फळ्यांतली वर्षवलये मोजून ठरवले आहे. मी कोकणातली, मला वल्ही, शीड, सुकाणू दिसले की उभे राहावेसे वाटते. मी त्या जहाजापुढे भाविकासारखी उभी होते आणि लेक मला ओढून भिंतीजवळच्या एका टोपलीपाशी नेत होती. टोपलीत लोकर होती. तिच्या मते खरी गोष्ट तिथे होती. शीड लोकरीचे असे, चरखा तेव्हा नव्हता, म्हणजे सगळे सूत टकळीवर. एका मोठ्या शिडासाठी अनेक बायकांची वर्षे जात, आणि जहाजाचा सांगाडा उभा राहायला लागे त्याहून अधिक मेहनत शिडात असे. हे सगळे तिने मला एका दमात सांगितले. नऊ वर्षांच्या मुलीला हे पाठ करून घेतलेले नव्हते. तिने वर्गात स्वतः टकळी फिरवली होती आणि अर्ध्या तासात वीतभर सूत काढून ती वैतागली होती.

त्या पंधरवड्यात तिला जे कळले त्याचा मला हेवा वाटतो हे कबूल करते. शिरस्त्राणाला शिंगे नव्हती, ती एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन ऑपेराच्या वेषभूषेतून सगळीकडे पसरली, हे तिने पहिल्याच दिवशी निकालात काढले. त्यांची जेवणे दोन, एक सकाळचे आणि एक संध्याकाळचे. जवाची पेज, राईची भाकरी, सुका मासा, कोबी, कांदा, घट्ट दही. हरणाच्या शिंगाचे कंगवे इतके सापडले आहेत की केस विंचरणे हा त्यांचा नित्यनेम असणार. शनिवारला डॅनिशमध्ये आजही जे नाव आहे त्याचा मूळ अर्थ धुण्याचा दिवस, म्हणजे आंघोळीचा वार. इंग्लंडातल्या यॉर्कमध्ये १९७२ साली एका बँकेच्या बांधकामाच्या जागी वायकिंग माणसाची वाळून दगड झालेली विष्ठा सापडली, त्यातून तो मांस व भाकरी खायचा आणि त्याच्या पोटात जंत होते हे कळले, ही माहिती तर आमच्या घरी जेवताना तीन वेळा देण्यात आली.

एवढ्या तपशिलात लूटमार मात्र एका पानात आटोपली होती. ७९३ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा लिंडिसफार्नचा मठ, पुढे दोन बाण काढलेला नकाशा, आणि लगेच पुन्हा पेज. इतक्या प्रेमाने पेज ढवळणारे हे लोक मठ जाळायला कधी गेले, असे मी पालकसभेत विचारणार होते. मग आमच्या शाळेत सुरतेची स्वारी कशी शिकवली होती ते आठवले आणि प्रश्न गिळला. निदान हे लोक बोलून तरी दाखवतात. डब्लिनच्या त्या जहाजाची हुबेहूब प्रतिकृती २००७ मध्ये इथून वल्हवत, शिडावर हाकारत डब्लिनला नेली, तेव्हा डेन्मार्कच्या सांस्कृतिक मंत्र्यांनी तिथे सांगितले होते की जहाजाचा अभिमान आहे, आयर्लंडच्या लोकांना झालेल्या इजेचा नाही.

आता माझी बाजू. या लोकांच्या पूर्वजांचे कंगवे टिकले ते पूर्वज नीटनेटके होते म्हणून नव्हे. इथला थंड, हवाबंद चिखल लाकूड, चामडे, शिंग सगळे सांभाळून ठेवतो. आमच्याकडे चार महिने पाऊस, आठ महिने वाळवी. तेव्हा कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या काळातल्या एखाद्या बाईची फणी लाकडाची असेल तर ती तिच्या नातीच्या हयातीतच मातीला मिळाली असणार. दगड आणि तांबे तेवढे उरले, आणि दगड-तांब्यावर लिहून घेणारे राजेच होते. मग राजे नकोत म्हणून कसे चालेल? शिवाय आंघोळीचा प्रश्न आम्हाला विचारावा हेच मला खटकले. बगदादहून निघालेल्या इब्न फदलान या प्रवाशाने ९२२ मध्ये व्होल्गाकाठी या उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांना पाहिले आणि एकाच घंगाळातले पाणी सगळे पाळीपाळीने कसे वापरतात, त्यातच कसे नाक शिंकरतात, याचे किळस येईल असे वर्णन केले. त्याआधी सहाच वर्षे, ९१६ च्या सुमारास, बगदादचाच प्रवासी मसूदी आमच्या चौलला येऊन गेला होता. त्याने चौलकरांच्या आंघोळीविषयी काही तक्रार केल्याचे माझ्या वाचनात नाही, आणि मी ते आमच्या बाजूने धरले आहे.

खाण्याचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. मी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि दोघी मिळून आमच्या स्वयंपाकघरातून एकेक वस्तू बाहेर काढू लागलो. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, म्हणजे ती नाही. बटाटा नाही, टोमॅटो नाही, शेंगदाणा नाही, काजू नाही, साबुदाणा नाही. आई ऐकत गेली तशी तिचा चेहरा पडत गेला. “मिरची नाही तर कालवणाला तिखट कशाचं?” मी म्हटले, मिऱ्याचे. “मग उपासाला काय खात होते गं?” याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. शेवटी तांदूळ, नारळ, मासे, मिरे, आले, ताक एवढे उरले, आणि आई म्हणाली, “म्हणजे पेजच की. त्यांच्यासारखीच.” तिला ते मुळीच आवडले नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात मुलांना लायरला नेले. रोस्किल्डेहून जवळच, १९६४ पासून चालू असलेली ही जागा आहे. जुन्या पद्धतीने घरे बांधून, चुली पेटवून, शेत नांगरून, भूतकाळ करून पाहणे हेच तिथले संशोधन. बरोबर जाण्यासाठी दोन पालक हवे होते, त्यांतली एक मी. वारा असा की बोललेले शब्द शेजारच्यापर्यंत पोहोचत नव्हते. मुलांनी सरपण फोडले (हो, कुऱ्हाडीने, मी पाठ फिरवून उभी राहिले), काठीला कणकेची वेटोळी गुंडाळून निखाऱ्यावर भाजली, आणि मग एका झोपडीत दळायला बसली.

ते जाते होते. खुंटा, वरची पाळ, मधले भोक, सगळे आपले. फरक इतकाच की ते बसक्या लाकडी चौकटीत होते आणि मुले गुडघ्यांवर ओणवी होऊन ओंजळीओंजळीने जव ओतत होती, त्यामुळे खालून भरडा पडत होता. मला राहवले नाही. मी सगळ्यांना बाजूला केले, रेनकोट काढला, एक पाय पसरून एक दुमडून बसले आणि लहान घास घालत, उजव्या हाताने खुंटा धरून, खांद्यातून फिरवू लागले. आजीने दहा-बारा वर्षांची असताना शिकवले होते; त्यानंतर पंचवीस वर्षांत जात्याला हात लावला नव्हता. पाच-सहा फेऱ्यांत दगडाचा आवाज बदलला, खरखर जाऊन घरघर आली, आणि कडेने पीठ झरू लागले. मुले गप्प झाली. तिथल्या मार्गदर्शक बाईंनी विचारले, तुम्ही कुठल्या संग्रहालयात काम करता?

त्यांनीच मग सांगितले की वायकिंगकाळात चांगली जाती ऱ्हाइनकाठच्या ज्वालामुखीच्या खडकाची असत आणि जहाजांतून रीबे, हेडेबी अशा बाजारांत येत. म्हणजे त्यांचेही जाते लाव्ह्याचे आणि आमच्या सह्याद्रीचेही. दगडाची कच पिठात उतरे आणि त्या काळच्या सांगाड्यांचे दात झिजलेले सापडतात, हेही त्यांनी सांगितले. टाकी लावलेल्या जात्याचे पहिले पीठ आजी गुरांना का घाली, ते मला तेव्हा कळले.

आणि मग त्यांनी गोष्ट सांगितली. फ्रोदी नावाच्या राजाने, जो दंतकथेप्रमाणे लायरच्याच घराण्यातला, फेन्या आणि मेन्या या राक्षसकुळातल्या दोन दासी विकत घेतल्या. त्याच्याकडे एक जाते होते, मागाल ते दळून देणारे. त्याने सोने दळायला सांगितले, शांती आणि सुख दळायला सांगितले, आणि विश्रांती किती, तर कोकिळेचा आवाज थांबेल तेवढी, किंवा एखादे गाणे म्हणून होईल तेवढी. त्या दोघी जात्यावर गाऊ लागल्या, आणि गाता गाता त्यांनी सोन्याऐवजी राजावर चालून येणारे सैन्य दळले. त्याच रात्री मायसिंग नावाच्या समुद्रावरच्या सरदाराने फ्रोदीला मारले, जाते आणि दासी जहाजावर घातल्या आणि मीठ दळायला लावले. मध्यरात्री त्यांनी विचारले, पुरे का? तो म्हणाला, दळत राहा. मिठाच्या भाराने जहाज बुडाले आणि समुद्र खारट झाला.

माझा खुंट्यावरचा हात थांबला होता. जात्यावर गाणाऱ्या बायका फक्त आमच्याकडे होत्या अशी माझी ठाम समजूत होती. मी त्या बाईंना ओवीबद्दल सांगितले: चालुक्य राजा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. मग जरा ताठ बसून असेही म्हणाले की आमच्याकडे जात्यावर दासी नसत, घरच्याच बायका असत. आपल्या घरासाठी, आपल्या लेकरांसाठी दळत. बाईंनी मान डोलावली. मला मात्र घरी परतताना गाडीत आजीच्या ओव्या एकामागून एक आठवू लागल्या, आणि त्यांत सासूचे बोल, लांबचे माहेर, न येणारा भाऊ आणि पहाटेचा कोंबडा याखेरीज फारसे काही नव्हते. त्या कोंबड्याआधी उठण्याबद्दल तिला कोणी विचारले होते असे वाटत नाही.

गृहपाठ शेवटी लेकीने स्वतः लिहिला. सकाळी पेज. अंगावर न शिवलेले सुती वस्त्र. झोपायला गवताची चटई. आंघोळ रोज, हे तिने माझ्या आग्रहावरून मोठ्या अक्षरांत लिहिले. खाली जात्याचे चित्र, जात्यापाशी दोन बायका, एक नऊवारीतली आणि एक लोकरी झग्यातली, आणि दोघींच्या तोंडून निघणारे एकच लांबलचक गाणे. आईने फोनवर म्हटलेल्या दोन ओव्या तिने वर्गात ऐकवल्या.

शुक्रवारी कागद परत आला. पुन्हा हसरा चेहरा, आणि माझ्या ओवीच्या नोंदीशेजारी पेन्सिलीने लहान प्रश्न: ११२९? आपण १००० म्हणालो होतो ना? मी त्याच्या खाली, शक्य तितक्या सौम्य डॅनिशमध्ये, लिहिले आहे की फेन्या-मेन्याचे गाणे आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने १२२० च्या सुमारास गोष्टीसह नोंदवले, म्हणजे आमच्या ओवीनंतर नव्वद वर्षांनी, आणि ते जर १००० साली चालत असेल तर आमची ओवीही चालावी. राजाच्या ग्रंथातली आहे, हे मी लिहिलेले नाही.